दुएनच्या तोंडचं नाव

“अरिमा, १४ मार्च १९८७. दुएनची चित्रकथा पुरी झाली. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या मुलाचं हे भूत. गोष्ट लोकांच्या तोंडची, तिच्यावर कुणाची मालकी नाही, म्हणून परवानगी लागली नाही.”

रोजनिशीत एवढं लिहून यूलालीनं शेजारच्या क्लोटिल्डला चित्रं दाखवली. ती शेवटच्या चौकटीवर अडली.

“दुएनच्या तोंडी नातीचं नाव घातलंस? बाहेर आपण तिला ‘छोटी’ म्हणतो ते काय हौसेनं? नाव कळलं की तो पोरांना रानात नेतो.”

“कागदावरचं ऐकू जातं होय त्याला?”

तेवढ्यात मार्सेलीन अंगणातून आत आली. “आजी, हाक मारलीस?”

यूलालीनं पातं घेतलं आणि नाव शेवटच्या अक्षराकडून खरवडू लागली.

“बाहेर कुणीतरी आता नुसतं ‘मार्से’ म्हणतंय,” दाराशी कान देऊन पोरगी म्हणाली.

यूलालीनं कागदाला भोक पडेपर्यंत उरलेलं नाव खरवडलं.

संध्याकाळी तिनं लिहिलं, “छोटीनं कालालूची भाजी दोनदा मागून घेतली. मागचं दार लवकर लावलं.”