हजार रुपये वाचवायला केलेली बहीण

तासगावात मदन मगदूम म्हटलं की लोकांना बेदाणा आठवतो. मला पायपेटी आठवते. माणूस आयुष्यात जिथं एकदा मनापासून शोभला, तीच त्याची खरी जागा, असं आम्हा नाटकवाल्यांचं मत असतं.

आमच्या संगीत नाटक कंपनीचा ऑर्गनवाला ऐन प्रयोगाच्या दिवशी तापाने पडला, तेव्हा हा कॉलेजातला पोरगा विंगेजवळ घुटमळत होता. "मी बसू का?" म्हणाला. बसला, तो तीन हंगाम उठला नाही. कपाटाएवढी ती लाकडी पेटी, खाली दोन्ही पायांनी भाता हलवायचा आणि वर दोन्ही हातांनी वाजवायचं. मी पदाला उभी राहिले की मदन पहिला सूर असा धरायचा, की चुकायची सोयच राहायची नाही. पुढे वडिलांनी त्याला ओढून बेदाण्याच्या अडतीवर बसवलं, कंपनी मोडली आणि पेटी पडद्यांबरोबर कुठल्याशा जुन्या बाजारात गेली. मी तासगावातच राहिले, त्याच्या घरासमोर. तो मला अक्का म्हणतो. मी त्याला अजून अरे-तुरे करते, आणि सत्तरी गाठलेल्या त्या अडत्याला ते आवडतं.

यंदाच्या चातुर्मासात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराज आले. प्रवचनानंतर एकेक जण उठून नियम घेऊ लागला. कुणी गोड सोडलं, कुणी चप्पल सोडली. मदनची पंचाईत अशी झाली, की त्याच्यापाशी सोडण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. कांदा-बटाटा घरात कधी आला नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, चहासुद्धा त्याची बायको गेली तेव्हापासून बंद. शेवटी तो भर सभेत उठला आणि म्हणाला, दिवाळीपर्यंत खोटं बोलणार नाही. महाराजांनी हात वर करून आशीर्वाद दिला. मागे बसलेल्या भरतेशने, म्हणजे त्याच्या मुलाने, डोळे मिटून घेतले. दुकान दोघांचं होतं.

दुसऱ्याच दिवशी सोलापूरचा व्यापारी आला. माल यंदाचा ना, असं त्याने नुसतं बोलायचं म्हणून विचारलं. मदन म्हणाला, न्हाई, गेल्या सालचा हाय, वरचा थर तेवढा यंदाचा लावलाय. तिसऱ्या दिवशी भरतेशने बापासमोर हात जोडले आणि दिवाळीपर्यंत अण्णांनी घरीच विश्रांती घ्यावी, असं ठरलं.

घरी बसलेल्या माणसाच्या हाती आजकाल फोन येतो. श्रद्धाने, म्हणजे नातीने, आजोबांना जुन्या वस्तू विकणाऱ्या लोकांच्या जाहिराती कशा बघायच्या ते दाखवलं. आठवड्याभरात मदन रस्ता ओलांडून माझ्याकडे आला तो फोन छातीशी धरून. पडद्यावर पायपेटी होती. कुणाच्या तरी माळ्यावर, भाताच्या पोत्यांना टेकून उभी, दोन पट्ट्या पडलेल्या, एका पायाखाली वीट. फोटो मोठा करून त्याने एकेक पट्टी मला दाखवली.

पेटी होती मेढ्याजवळच्या एका गावात. विकणारा विश्वजित नावाचा तरुण. वडील गावच्या जत्रेतल्या नाटकांना वाजवायचे, ते गेले, आता घरात कुणाला येत नाही, असं त्याने सांगितलं. चाळीस हजारांवर सौदा ठरला. फक्त पैसे एका ॲपवरून पाठवायचे होते, आणि तिथे नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला.

त्या ॲपमध्ये पैसे पाठवताना दोन बटणं येतात. एकावर लिहिलेलं 'खरेदी', दुसऱ्यावर 'घरचा माणूस'. श्रद्धाने नीट समजावून सांगितलं. खरेदी दाबलं तर ॲपवाले अडीच टक्के कापून घेतात, पण पैसे स्वतःकडे धरून ठेवतात आणि वस्तू तुमच्या दारात आल्यावरच समोरच्याला सोडतात. घरचा माणूस दाबलं तर एक पैसा कापत नाहीत. पैसे तडक जातात आणि बुडाले तर बुडाले. आजोबांनी खरेदीच दाबावं, हजार रुपये गेले तर गेले, असं तिचं म्हणणं.

मदनने जन्मभर दुसऱ्यांच्या मालावर अडत कापली आहे. पण आपली अडत दुसऱ्या कुणी कापायची, ही कल्पना त्याला सोसेना. न बघितलेल्या माणसाने, न उचललेल्या मालावर हजार रुपये कापायचे? विश्वजितही म्हणत होता, घरचा माणूस दाबा, सगळे तेच दाबतात. मदनचं बोट त्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"अक्का, तो माझ्या घरचा न्हाई की."

मी म्हटलं, अरे, बटणाला काय कळतंय? आम्ही दर प्रयोगाला भलत्याच पुरुषाला प्राणनाथ म्हणत होतो.

"तुमी सोंग काढून म्हणत हुता. हितं खाली माझं नाव येतंय. दाबणं म्हंजे बोलणंच झालं."

म्हणजे हजार सोडवत नव्हते आणि नियम मोडवत नव्हता. दुसऱ्या कुणी पेटीचा नाद सोडला असता. पण आमच्याकडच्या माणसांना एक खोड असते. मिरजेच्या स्टँडवर दोन अनोळखी माणसं एसटीची वाट बघत असली, तर गाडी लागायच्या आत त्यांचं नातं निघालेलं असतं. तुमचं गाव कुठलं, तुमचं आजोळ कुठलं, मग आमच्या आत्याची नणंद तुमच्यातच दिलीय की. मदनने ठरवलं, विश्वजित घरचा नसेल तर त्याला घरचा करायचा.

त्याने फोन लावला आणि पोराची उलटतपासणी सुरू केली. आडनाव झालं, आजोळ झालं, आजीचं गाव झालं. मेढ्याच्या डोंगरातला मराठा आणि तासगावचा जैन, कुठून जुळणार? मदनने लष्करातल्या ओळखी लावून पाहिल्या, साखर कारखान्याच्या लावून पाहिल्या. पोरगं घायकुतीला आलं. शेवटी मदनने विचारलं, आई हायत का घरात? द्या बघू त्यांच्याकडं.

धोंडुबाई फोनवर आल्या. हे संभाषण मी शेजारी बसून ऐकलेलं आहे.

"बाई, तुमाला भाऊ किती?"

"एक बी न्हाय. आमी चौघी भनीच. का वो?"

"मी झालो तर चालंल?"

पलीकडे धोंडुबाईंनी आधी कोंबड्या हाकलल्या.

"काय करता तुमी?"

"बेदाण्याची अडत."

"दारू?"

"न्हाई."

"मग व्हा," धोंडुबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मदनने फोन डोळ्यांना लावला, 'घरचा माणूस' दाबलं आणि चाळीस हजार मेढ्याला गेले. हजार वाचल्याच्या आनंदात त्याने मला मूठभर बेदाणे दिले. यंदाचे.

गुरुवारी विश्वजितने ठरवलेला टेंपो येणार होता. मदनने पुढच्या खोलीतला दिवाण हलवून जागा केली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी विश्वजितचा फोन बंद लागला. रविवारीही बंद. श्रद्धाचा चेहरा उतरला. भरतेश तर दिवाण होता तिथे परत सरकवू लागला. मदनने त्याला थांबवलं. पण त्यानंतर तो खुर्चीत बसला की त्याचे पाय आपोआप वरखाली व्हायचे, भाता हलवल्यासारखे. ते बघवत नव्हतं. चाळीस हजार त्याला जड नव्हते. पण पन्नास वर्षांनी एक गोष्ट पुन्हा हाताशी येऊन निसटत होती, आणि तीही स्वतःच्या चिकटपणामुळे.

श्रद्धाने ॲपवाल्यांचा तक्रारीचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही 'घरचा माणूस' निवडलंय. समोरची व्यक्ती तुमच्या घरची नाही, ते चुकून दाबलं गेलं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

आम्ही सगळे मदनकडे बघत होतो. श्रद्धा मान हलवून, हो म्हणा, हो म्हणा, अशी खूण करत होती. एक हो म्हटला असता तर निदान तक्रार तरी लिहून घेतली असती. मी प्रॉम्प्टरसारखी ओठ हलवत होते. आयुष्यात इतक्या कळकळीने मी कुणाला वाक्य पुरवलं नसेल.

"न्हाई," मदन म्हणाला. "बहीण हाय ती माझी."

"मग सर, घरगुती मामल्यात आम्हाला पडता येत नाही," मुलगी म्हणाली. आपला दिवस शुभ जावो, असंही म्हणाली.

श्रद्धाने फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला. भरतेशने पोलिसांचं नाव काढलं. मदनने ऐकून घेतलं. म्हणाला, "तिनं व्हा म्हणलं, मी झालो. आता पेटी आली न्हाई म्हणून बहीण नव्हं म्हणू? बहीण हाय, तर बहिणीकडं जाऊन येतो."

सांगलीला जाऊन त्याने इरकल साडी घेतली. बेदाण्याची पेटी बांधली. बहिणीच्या घरी पहिल्यांदा जायचं तर सोबत बाईमाणूस हवं, म्हणून मला बरोबर घेतलं. तासगावहून कराड, कराडहून सातारा, साताऱ्याहून मेढा. एसटीत शेजारी बसलेल्या प्रत्येकाने विचारलं, पाव्हणं कुठं निघाला? आणि मदन प्रत्येकाला सांगत होता, बहिणीकडं. पहिल्या गाडीत तो ते ऐटीत म्हणाला. साताऱ्याच्या पुढे आवाज बारीक झाला. मेढ्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्याने हळूच मला विचारलं, "अक्का, तसं गावच नसलं तर?"

गाव होतं. घरही होतं. सीटवर माणसं भरणाऱ्या वडापच्या जीपवाल्याने दारात नेऊन सोडलं. ओसरीवर एक उंच, खणखणीत बाई घेवडा निवडत बसली होती. तिने मदनकडे बघितलं, साडीच्या पिशवीकडे बघितलं, पुन्हा मदनकडे बघितलं.

"तासगावचं का?"

मदनने मान हलवली.

"आलासा एकदाचं. मला वाटलं फसिवलंसा."

हे वाक्य आमचं होतं. ते तिने आधीच घेतलं. मग धोंडुबाईंनी आपली बाजू सांगितली. भाऊ म्हणवून घेणारा माणूस स्वतः न येता पेटी टेंपोत घालून मागवतो, हे तिला पटलं नव्हतं. तिने दारातून टेंपो परत लावला. पोरगं तिला समजावत होतं, की आई, हल्ली फोनवरनं नाती जोडून लोकांना गंडवतात, ह्याने तर पैसे पाठवलेत, पेटी जाऊ दे. तिचं म्हणणं, पैसे तर खरे निघाले, मग गंडवलं असेल ते नात्यात. म्हणजे भाऊच खोटा असणार. खोट्या भावाला पेटी द्यायची नाही. विश्वजित गुपचूप दुसरा टेंपो बोलवील म्हणून तिने त्याचा फोन बंद करून तांदळाच्या कणगीत पुरला होता. विश्वजित दाराआडून आमच्याकडे फार केविलवाणा बघत होता.

साडी तिने उलगडून पदर पारखला आणि मांडीवर ठेवली. मदनने माळ्याकडे नुसतं बघितलं, तसं तिने विश्वजितला शिडी लावायला सांगितलं.

मदन माळ्यावर चढला. पेटीपुढे बसला, भात्यावर पाय ठेवले. आधी आतून एक उंदीर बाहेर आला. मग धूळ आली. मग सूर आला, जरा घोगरा, पण सूर. खाली ओसरीवर मी उभी राहिले होते, ते माझं मलाच नंतर कळलं. धोंडुबाईंनी घेवड्यातला हात काढून घेतला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

मदनसाठी जेवणं दिवस मावळायच्या आतच झाली, नाचणीची भाकरी आणि कांदा न घातलेला घेवडा. मग धोंडुबाईंनी पैशाचं काढलं. भावाकडून पैसे घेणं बरं दिसत नाही, परत देऊ का, असं तिने विचारलं. आता तुम्हीआम्ही अशा वेळी काहीतरी गोलमाल बोलतो. मदनला नियम होता. पेटीची किंमत तेवढी आहेच, असं तो म्हणाला. धोंडुबाई म्हणाल्या, मग ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. व्यवहाराचं ते व्यवहाराचं झालं, आता नात्याचं बोलू. शिवांजलीचं, म्हणजे तिच्या मुलीचं, लग्न मार्गशीर्षात होतं. आजवर मामाच नव्हता म्हणून तिची काळजी होती. मामाचा आहेर, मामाने नवरीमागे उभं राहणं, शिऱ्याला लागणारा बेदाणा, सगळं तिने शांतपणे सांगितलं. येणार का, असं प्रत्येक वेळी ती विचारायची आणि मदन खरं तेच सांगायचा, येणार. हजार रुपये वाचवण्यापायी झालेल्या खर्चाचा हिशेब मी काही करत बसले नाही. भरतेशने केला म्हणे, पण वाचून दाखवायची त्याची छाती झाली नाही.

सकाळी पेटी टेंपोत चढवली. मदन मागे पेटीला धरून बसला. मी पुढे बसायला गेले, तर तिथे आधीच धोंडुबाई बसलेल्या. अंगावर इरकल, मांडीवर गाठोडं, पायाशी तांदळाचं पोतं.

"बघतासा काय? सरका. जन्मात पयल्यांदा म्हायेर मिळालंय. चार दिस ऱ्हाऊन येते."

तासगावात टेंपो थांबला तेव्हा भरतेश दारात होता. पेटीबरोबर आत्याही उतरताना बघून त्याने बापाकडे बघितलं. श्रद्धा मात्र पुढे झाली आणि वाकून पाया पडली. दिवाणाच्या रिकाम्या जागेत पेटी बसली. शेजारपाजारचे जमले. मदनने हातपाय धुतले, पट्ट्या पुसल्या आणि आमच्या कंपनीतल्या एका पदाची सुरावट धरली. बोटं अडखळत होती, पण वाट चुकत नव्हती. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

संपल्यावर सगळ्यांनी धोंडुबाईंकडे बघितलं. पेटी तिच्या घरची, तिने काहीतरी म्हणायला हवं होतं.

"चांगलं वाजिवता, दादा," ती म्हणाली. "पर आमचं मालक जरा जोरात वाजवायचं."

मदनने पाय पुन्हा भात्यावर ठेवले आणि जोर लावला.