जाळ्यात राहिलेला बॉल

शेवटच्या संध्याकाळी मी आणि शेजारच्या पोराने शाळेच्या मैदानावरच्या बास्केटबॉलच्या रिंगला नवं जाळं बांधलं. मी शिडीवर, तो खाली शिडी धरून. "तात्या, पडायचं असेल तर माझ्या बाजूला पडा," म्हणाला.

ते जाळं दर वर्षी मीच विणायचो. बोटीची जाळी विणण्यात जन्म गेला, म्हणून पहिल्या वेळी सवयीने तळ बंद केला. त्याने टाकलेला बॉल आतच बसला. तो पोट धरून हसला. "तात्या, इथे मासा सोडून द्यायचा असतो." पुढे ती आमची रीतच झाली. नवं जाळं बांधलं की तळाला ओढली की सुटेल अशी गाठ मारायची, बॉल आत टाकून रात्रभर तसाच ठेवायचा. वजनाने नायलॉनच्या गाठी घट्ट बसतात. सकाळी तो उडी मारून दोरी ओढायचा.

तुम्ही त्याला डहाणूच्या बाजारात पाहिलं असेल, आईच्या सुक्या बोंबलांच्या टोपल्या उचलताना. साडेसहा फूट. प्रत्येक दारात "वाकलो" म्हणत आत यायचा, दार उंच असलं तरी. मसोलीच्या आमच्या घरात तीनदा डोकं आपटलं, तेव्हा माझ्या बायकोने चौकटीला जुन्या जाळ्याची गादी ठोकली. हा आमच्या दारात मेला तर पोलिसांना काय सांगू, म्हणाली. तिला जाऊन दोन वर्षं झाली. गादी अजून आहे.

तलासरीला शाळेच्या सामन्यात कोणा साहेबाने त्याला हेरलं. पुढे दक्षिणेतल्या एका संघाने पगारावर ठेवलं. खेळायचा पगार मिळतो हे त्याच्या आईला पटेचना. "पण दिवसभर काम काय करतो?" मला विचारायची. पहिल्या पगारात त्याने तिच्या टोपल्यांवर मोठी छत्री लावून दिली. तेव्हा पटलं.

या वेळी सुट्टीवर आला तेव्हा एका मोठ्या संघाची निवड तोंडावर होती. एके दिवशी माझ्या ओट्यावर बसला तो उठेचना. घामाने भिजलेला, हात छातीवर. महिनाभर असं होतंय म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल.

"डॉक्टरने कागदावर काही लिहिलं, की माझा खेळ संपलाच, तात्या. निवड होऊ दे, मग मीच जातो. आईला सांगू नका."

नाही सांगितलं. छातीत दुखायचं तेव्हा माझी बायकोही वात आहे म्हणाली होती, आणि मी ऐकून घेतलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे कळायला शाळा लागत नाही. दोनदा तेच केलं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. दर वर्षी तो उडी मारून बॉल वरून आत ठेवायचा. त्या दिवशी खालूनच फेकला. दोन चुकले, तिसरा बसला. आज उडी नाही का, विचारलं.

"उद्या. उद्या सकाळी सोडवतो त्याला."

मला तेव्हाच कळलं होतं. मी शिडी खांद्यावर घेतली आणि घरी आलो.

तो घरी गेला, भात खाल्ला, हात धुवायला उठला आणि मोरीतच बसला. रिक्षात घातलं तेव्हा पाय आत मावेनात. पाय बाहेर ठेवूनच दवाखान्यात नेला. डॉक्टरने हात लावून पाहिलं आणि मान हलवली.

अजून पहाटे मला मैदानावर बॉल आपटल्याचा आवाज येतो. उठून बघतो. कोणी नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याला घरी आणायच्या आधी, मी शिडी घेऊन मैदानावर गेलो. बॉल जाळ्यात तसाच होता, दंवाने ओला. दोरी ओढली. बॉल पडला, उसळला, मग कमी कमी उसळत राहिला. तो थांबेपर्यंत मी खाली उतरलो नाही.

बॉल काखेत घेऊन त्यांच्या घरी गेलो. दारात वाकलो. माझी उंची सव्वापाच फूट.

"मला आठ दिवसांपासून माहीत होतं," त्याच्या आईला सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे करून बॉल घेतला, मांडीवर ठेवला आणि पदराने पुसायला लागली.