आजोबांच्या दगडावरच्या चार ओळी

माझ्या बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, फोटोत आजोबांच्या कबरीवर दिसतंय ते वचन कुठलं गं? मी कॉम्प्युटरवर शोधलं, सापडतच नाही." मी म्हटलं, लिहून कळवते. तिला वाटलं असेल, आजीचा चष्मा हरवला. खरं म्हणजे मलाही ते सापडलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे तोवर, जेवढं माहीत आहे तेवढं क्रमाने लिहिते.

संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने एक वचन तोंडपाठ म्हणायचं आणि लगेच त्याचं ठिकाण सांगायचं, ही आपल्या घरची नगरकडून आलेली रीत. कितवा अध्याय, कितवं वचन, सगळं. ठिकाण न सांगता वचन म्हणणं म्हणजे विनातिकीट प्रवास, असं तुमचे आजोबा म्हणत. रेल्वेच्या हिशेब खात्यात जन्म गेला, दुसरं काय म्हणणार? त्याच नोकरीने आम्हाला चेन्नईला आणलं आणि निवृत्तीनंतर आम्ही तुमच्या मामाकडे पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये राहिलो.

कविता हा माझा प्रांत होता. शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि दुपारी मराठीत लिहीत असे. एका ख्रिस्ती मासिकात काही छापूनही आलं. आजोबांना वाचून दाखवलं की ते म्हणत, "छान. गाडी वेळेवर पोचली." याहून जास्त कधी नाही. स्वतः ते वर्तमानपत्र, वेळापत्रक आणि पवित्र शास्त्र सोडून काही वाचत नसत.

मग त्यांना झटका आला. हातपाय सावरले, आठवण मात्र विरत गेली. कॉफी प्यायल्यावर पुन्हा कॉफी मागत. वचनं तेवढी पक्की होती. त्या वर्षी खालचा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. दिवसभर लॉऱ्या, गॅलरीतल्या खुर्च्यांवर धुळीचा थर. एका संध्याकाळी त्यांची पाळी आली, आणि ते डोळे मिटून म्हणाले:

प्रभू, तू माझ्या उजव्या हाताला उभा आहेस;
मी जरा सरकतो, तू बस.
वाट लांबची आहे,
आणि तुझ्याही पायांना धूळ लागली आहे.

"कुठलं हो हे?" मी विचारलं.

"स्तोत्र एकशे एकावन्न."

"अहो, स्तोत्रं दीडशेच आहेत."

"मग त्याच्या पुढचं," म्हणाले, आणि कॉफी मागितली.

तुमचा मामा हसून हसून आडवा झाला. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच म्हटलं, शब्दाला शब्द तसाच. कॉफी न आठवणाऱ्या माणसाला आयत्या वेळी जुळवलेलं कसं आठवेल? वर ते मला म्हणाले, "माझ्या दगडावर हेच घाल." मी हो म्हटलं.

आता शोधणं भाग होतं. शास्त्राच्या मागची शब्दसूची मी ओळीने पाहिली. पहिल्या ओळीसारखं सापडलं. पण देवाला "बस" म्हणणारं कोणी सापडलं नाही. खालच्या मजल्यावरच्या केरळी बाई म्हणाल्या, आमच्या जुन्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शास्त्रात एक स्तोत्र जास्त आहे. त्यांनी ते मल्याळममधून उलगडून सांगितलं, ते अगदीच वेगळं निघालं. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते आजही सांगता येत नाही.

मग मनात आलं, मीच कधी लिहून विसरले तर नाही? सगळी कात्रणं काढली. नव्हतं. नगरला वन्संना फोन केला, म्हटलं, सासूबाई असं काही म्हणत का?

"आई? ती कसली कविता करतेय! पण देवालासुद्धा बस म्हणाली असती हो. दारात कोणी आलं की आधी बस, मग पाणी."

"मग यांनीच रचलं असेल?"

"दादाने? दादाने एक ओळ जुळवली असेल तर मी नाव बदलेन, वहिनी."

शेवटी आजोबांनाच विचारलं. ते दुखावल्यासारखे झाले. "मी कशाला रचू? तूच वाचून दाखवलंस ना सकाळी."

सकाळी मी त्यांना शास्त्र वाचून दाखवत असे, हे खरं. हे वाचलं नव्हतं, हेही खरं. निदान माझी तशी खात्री होती.

पुढच्या वर्षी ते गेले. आमच्या चर्चचे पाळक तरुण तमिळ गृहस्थ, आमचं बोलणं इंग्रजीत. कागदावर मी लिहिलेला इंग्रजी अर्थ वाचून ते म्हणाले, "अम्मा, पहिली ओळ घालू, तिच्याखाली ठिकाणही देता येईल. बाकीचं शास्त्रात नाही. आणि देवाचे पाय धुळीने माखलेले..."

"माखलेले नाहीत. धूळ लागली आहे."

"बरं, टीचर!" ते हसले. "पण लोक विचारतील, हे म्हणतंय कोण?"

तेच तर मला कळत नव्हतं. एकच ओळ ठेवली असती तर कोणी काही विचारलं नसतं, पण मग मी दिलेला शब्द मोडला असता. खाली शास्त्राचं ठिकाण घालणं खोटं ठरलं असतं. त्यांचं नाव कवी म्हणून घालावं, तर त्यांनी स्वतः नाही म्हटलं होतं. आणि खरं सांगते, घरातली कविता माझी, या जन्मभराच्या समजुतीला ते नाव कुठेतरी बोचतही होतं. दगड कोरणाऱ्याला मी एक मजकूर दिला, फोन करून बदलला, पुन्हा बदलला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अम्मा, एकदा ठरवा, मग बोलवा."

प्रार्थना केली. उत्तर आलं असं म्हणवत नाही. माणसाने मागितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, एवढंच हाती राहिलं. मी चारही ओळी दिल्या आणि खाली काहीच घातलं नाही. कोरणाऱ्याला आपली अक्षरं येत नव्हती, माझ्या कागदावरची वळणं पाहून त्याने कोरली. पाळकांनी दगडापाशी प्रार्थना केली, तोच इंग्रजी अर्थ वाचला आणि कोण म्हणतंय ते विचारलं नाही.

तर थोरले, ठिकाण नाही. कोणी रचलं तेही ठाऊक नाही. खाऱ्या हवेने अक्षरांतला काळा रंग उडून गेला आहे, पण कोरलेलं टिकलं आहे. चारही ओळी वाचता येतात.