पाच गुंठे शाळू

मी साताऱ्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, नवरा त्याच कॉलेजात इतिहास. त्यामुळे आमच्या घरात साधी भेंडी महागली तरी दोन व्याख्यानं होतात. मी म्हणते, आवक घटली. तो म्हणतो, थांब, ही गोष्ट फार मागून सुरू होते. तोवर कढईतली भेंडी करपते.

यंदा गणपतीला आष्ट्याला गेलो, तेव्हा सासऱ्यांच्या शाळूवरून जुंपली. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यापासून घरात एकटेच. रानात चहूबाजूंनी ऊस आणि मधे त्यांची पाच गुंठ्यांची शाळूची पट्टी. आसपास दुसरी ज्वारी नाही, त्यामुळे झाडून सगळी पाखरं तिथेच जेवायला. सासरे पत्र्याचा डबा बडवत पहारा देत. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून तिथेही ऊस लावून टाकायचा का, ते त्या दिवशी ठरवायचं होतं.

मी लगेच माझं शास्त्र पाजळलं. माणूस फायदा बघतो, इथे फायदा फक्त पाखरांचा. लावा ऊस!

नवरा उसळला. "तुझ्या शास्त्रातला माणूस कालच जन्मलेला असतो. रानाला पाणी यायच्या आधी इथली घरं शाळूवर जगली. दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस घरची ज्वारी सोडत नाही."

"दुकानात मिळते की ज्वारी."

"दुकानावर भरवसा ठेवणं हा तुझा विषय!"

सासरे सुपारी कातरत ऐकत होते. आम्ही पार यादवांच्या काळापर्यंत पोचलो, तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"झालं का तुमचं? आरं, ऊस लावला की तोडणीची टोळी येती. शाळू लावला की तुमी येता, हुरडा खायला. म्हणून लावतो."

मला एकदम भरून आलं. पेपर तपासणी, शिबिरं, लग्नं असं काहीबाही निघाल्यानं गेले दोन हिवाळे आमचं जाणं झालंच नव्हतं.

"मामा, शाळूच पेरा," मी म्हणाले. "आम्ही येतो."

"बगू."

नवऱ्यानं हळूच विचारलं, "मग गेल्या दोन वर्षांचा हुरडा कुणी खाल्ला?"

"पाखरांनी," सासरे म्हणाले. "तुमी येनार न्हाई म्हटल्यावर डबा कुनासाठी बडवायचा?"