पंतांबरोबरचा अळणी घास

चादरीचं एक टोक दांडीवर गेलं होतं, दुसरं अजून बादलीतच होतं. मधल्या दांडीवर पंत ठाण मांडून बसले होते. "सरका हो जरा," म्हणत जयंतीने ओल्या हातानेच त्यांना उचललं आणि ती थबकली. हाताला वजन असं लागलंच नाही. छातीच्या मधोमध हाड सुरीच्या पाठीसारखं वर आलं होतं.

चादर तशीच लोंबत राहिली.

पंत म्हणजे राखाडी पोपट, शेपूट तेवढी तांबडी. जयंतीच्या नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या, हूफडॉर्पच्या ऑफिसातला प्रकाश कोरोनाच्या पहिल्या वर्षी भारतात परतला, तेव्हा पोपटाला बरोबर न्यायची परवानगी काही मिळेना. "दोन महिने सांभाळा," म्हणाला, आणि तिकडेच रमला. घरात पिंजरा ही गोष्टच जयंतीला आधी सोसत नव्हती. पण पंत तिच्या खांद्यावर बसून पूजा बघायला लागले, घंटेचा आवाज हुबेहूब काढायला लागले. शैलेंद्रची महत्त्वाची मीटिंग सुरू झाली की नेमकी घंटा वाजायची. जेवायलाही ते तिच्याच ताटाशी. तिने घास घेतला की यांनी चोच वाटीत घातलीच.

जयंती मूळची साताऱ्याची. परदेशातल्या लायडस्खेनडाम गावी त्या तिसऱ्या मजल्यावर तिचा संसार जुना झाला होता. पुस्तकांच्या कपाटाचा मधला खण तिचं देवघर. देवाकडे ती सहसा मागत नसे. आणि मागायचं तर आपणही काहीतरी सोडायचं, हा तिचा हिशेब. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिने साखर सोडली होती. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये तिच्या थोरल्या भावाला, हरिहरदादाला, साताऱ्यात ऑक्सिजनवर ठेवलं. विमानं बंद, जाणं शक्य नाही. तिने देवापुढे पाणी सोडलं: दादा घरी येईपर्यंत एकभुक्त राहीन. दिवेलागणीनंतर एकदाच जेवायचं.

"निदान चहा तरी घेत जा," शैलेंद्र म्हणाला.

"घेते की. बिनदुधाचा."

"तो चहा नव्हे, शिक्षा आहे."

आता तिने लाडवाचं पीठ मोजायचा काटा काढला, वर टोपली ठेवली आणि पंतांना बसवलं. प्रकाशने दिलेल्या कागदावर साडेचारशे ग्रॅम लिहिलेलं होतं. काटा तीनशे साठवर थांबला.

पक्ष्यांच्या डॉक्टरकडे माणसांना आत घेत नव्हते. मास्क लावलेली मुलगी येऊन पिंजरा घेऊन गेली. ही दोघं गाडीत बसून राहिली. तपासण्यांचे निकाल दुसऱ्या दिवशी आले आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आला. शैलेंद्रने स्पीकर लावला आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेला. आजार काही नाही, पक्षी उपाशी आहे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर राहिला तर चरबी मिळेल, ताकद नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या पोपटाच्या खाण्याच्या गोळ्या, उकडलेलं रताळं, मोड आलेलं कडधान्य, अंड्याचा लहानसा तुकडा द्या. मीठ अजिबात नको. रोज सकाळी खाण्याआधी वजन करा.

मग त्यांनी विचारलं, "हा जेवतो कोणाबरोबर?"

"माझ्याबरोबर," जयंती म्हणाली.

"छान. पोपट थव्याने खातात. सोबतीण खात असेल तरच त्यांना निर्धास्त वाटतं."

जयंतीने मनात दिवस मोजले. व्रत धरल्यापासून ती सकाळी खात नव्हती, दुपारी खात नव्हती. आणि इथे मे महिन्यातली दिवेलागण म्हणजे साडेनऊ. ती ताटावर बसायची तोवर पंत पिंजऱ्यावरच्या पडद्याआड झोपलेले असायचे.

"मी जेवतो त्याच्यासमोर," शैलेंद्र म्हणाला. दुपारी त्याने मोठ्या थाटात रताळ्याचा तुकडा तोंडात टाकला, दुसरा पंतांपुढे धरला. पंतांनी तुकडा सोडून बोट धरलं.

"अगं, चावला की मला!"

"तुमचं जेवण बघून त्यांना मीटिंग आठवली असेल."

मग जयंतीने स्वतः सोंग करून पाहिलं. रिकामा चमचा तोंडाशी नेला, जबडा हलवला. पंत तिच्या हातावरून वर चढले, मान तिरकी करून अगदी ओठांशी डोळा लावला. तिथे काही नव्हतं. ते सावकाश उतरले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या आठवड्यात काटा आणखी खाली गेला. घंटा वाजायचीही थांबली. साताऱ्याहून मृणालिनीवहिनीचा फोन आला.

"ऑक्सिजन वाढवलाय, वन्सं. पण तुमच्या व्रताचं बळ आहे हो पाठीशी. तेवढं मोडू नका."

"नाही, वहिनी," जयंती म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती मोड काढायला बांधलेली मुगाची पुरचुंडी उगाच सोडत आणि बांधत राहिली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ती देवापुढे बसली. पंत खांद्यावर होते, पण पिसं फुगवून, डोळे मिटून. एरवी ती मनात बोलायची. त्या दिवशी मोठ्याने बोलली.

"दादासाठी मी उपाशी राहीन म्हणाले होते. या मुक्या जिवाला उपाशी ठेवीन असं नव्हते म्हणाले. एकभुक्त सोडते. त्याच्याऐवजी मीठ सोडते. राग धरायचा असेल तर माझ्यावर धर."

दुपारी तिने दोन वाट्या मांडल्या. दोन्हींत तेच: मोडाचे मूग, रताळं, चिमूटभर शिजवलेला दलिया. त्यांच्या वाटीत भिजवलेल्या गोळ्या तेवढ्या जास्त. तिने खरा घास घेतला, चावला, गिळला. पंतांनी ओठ तपासले. मग एक मूग उचलला, सोलला, टाकून दिला. दुसरा खाल्ला.

वजन काही झपाट्याने चढलं नाही. एक दिवस दोन ग्रॅम वर, एक दिवस तिथेच. अंड्याला पंतांनी शेवटपर्यंत तोंड लावलं नाही. पण छातीचं हाड हळूहळू बोटाला कमी टोचायला लागलं. आणि एका सकाळी पूजा चालू असताना खांद्यावरून घंटा वाजली. शैलेंद्र आतून ओरडला, "आली वाटतं ताकद!"

वहिनीपासून तिने लपवलं नाही. सगळं सांगितलं. पलीकडून नुसतं "बरं" ऐकू आलं.

मे संपता संपता हरिहरदादा गेला. दवाखान्यातून परस्परच नेलं. घरच्यांना लांबूनही नीट बघता आलं नाही. फोनवर वहिनी रडता रडता म्हणाली, "वन्सं, तेवढं पाळायला हवं होतं हो तुम्ही."

शैलेंद्र जवळच होता. "हे काय बोलणं झालं?" तो उसळला. जयंतीने त्याचा हात दाबला आणि फोनमध्ये म्हणाली, "वहिनी, पाणी प्या आधी. कोण आहे तुमच्याजवळ?"

सुतक लागलं. तिने देवघराला हात लावला नाही. त्या दिवशी चूल पेटली नाही. दादा तिला खांद्यावर बसवून यवतेश्वरचा चढ चढला होता, तेवढंच पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होतं.

दुपारी ती टेबलाशी येऊन नुसती बसली. पंत खुर्चीच्या पाठीवर होते. पुढ्यात वाटी भरलेली होती. त्यांनी वाटीकडे पाहिलं नाही. ते जयंतीच्या तोंडाकडे बघत होते.

वहिनीचं खरं असेल का? असेलही. देवाने काय धरलं आणि काय सोडलं, ते तिला कळणार नव्हतं. पण समोरचा जीव आज जेवला नाही, तर उद्या काटा काय दाखवेल ते तिला पक्कं माहीत होतं.

तिने चमचाभर मूग तोंडात घातले. ते गिळेनात. डोळ्यांतून पाणी ओठांवर आलं, तेवढीच खारट चव. तिने पुन्हा चावले, नेटाने गिळले, दुसरा चमचा उचलला. वाटीत चोचीचा आवाज सुरू झाला. तो थांबेपर्यंत तीही खात राहिली.

"रताळी संपलीयत," तोंड धुऊन ती म्हणाली.

"मी आणतो. तू पड जरा."

"नको. तुम्ही लाल सालीची आणत नाही." तिने मास्क लावला, पिशवी घेतली आणि ती चौकातल्या तुर्की दुकानात रताळी आणायला निघाली.