अंगणाखालची हरवलेली लाईन

मंडळी, आज सकाळी आमचा संडास तुंबला आणि घाण पाणी न्हाणीघरात आलं. संध्याकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती!

नगरचं आमचं हे घर सासऱ्यांनी चाळीसच्या दशकात बांधलेलं. ड्रेनेजची लाईन कुठून जाते, कुणालाच ठाऊक नाही. प्लंबर रस्त्याकडची फरशी फोडायला निघाला. "काकू, सगळं अंगण उकरावं लागंल."

मी म्हटलं, "थांब. सासूबाई सांगायच्या, तेव्हा टोपलीचा संडास होता. सफाईवाल्या बाया मैल्याची टोपली न्यायला मागच्या बोळातून यायच्या. नंतरची लाईनही तिकडंच गेली असणार."

त्याने संडासातून लाईन साफ करायची लांब तारेची स्प्रिंग आत सरकवली. मी मागच्या अंगणात जमिनीला कान लावून आडवी झाले. शेजारीण हसली, पण मला खालून स्प्रिंगची खरखर स्पष्ट ऐकू आली.

"इथं खण!"

हातभर खाली खापरी पाइप निघाला, लिंबाच्या मुळांनी गच्च भरलेला.

"व्हय की काकू, हितंच हाय!"

दुपारी पाणी वाहतं झालं. आता बाळ शांत झोपलंय.

मला मात्र तो बोळ आठवतोय. त्या बायांपैकी एकीचंही नाव आमच्या घरात कुणाला माहीत नाही. तुमच्याकडे यायच्या त्यांचं नाव कुणाला आठवतं का?