सिक्लिडच्या घरात सासूबाई

काचेच्या टाकीत मासे आपण शोभेसाठी आणतो. त्यांना मात्र ते आपलं घर वाटतं, हे आमच्याकडे जरा उशिरा कळलं. काळ्या पट्ट्यांच्या सिक्लिड माशांची जोडी आली तेव्हा सासूबाईंनी हौसेनं टाकी सजवली. पांढरी वाळू, दोन-चार चपटे दगड आणि मधोमध प्लास्टिकचं लाल झाड. सकाळी पाहतो तर झाड उपटून कोपऱ्यात आणि वाळूत हा मोठा खड्डा! सासूबाईंनी झाड पुन्हा लावलं, माशांनी पुन्हा उपटलं. आठवडाभर हेच चाललं.

"घरात माझं कुणी ऐकत नाहीच, आता मासेसुद्धा!" असं म्हणून शेवटी त्यांनी नाद सोडला.

मग एका दुपारी त्या मोकळ्या केलेल्या जागेत, चपट्या दगडावर, अंडी दिसली. मादी पंख हलवून त्यांना वारा घालावा तसं पाणी घालत होती. नर भोवती गस्त घालत होता. सासूबाई विरघळल्याच.

"अगं, बाळंतपणाची खोली लावत होते बिचारे! आधी कळतं तर मी हात तरी लावला असता का?"

पिल्लं पोहायला लागल्यावर उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक भरवायला त्यांनी पाण्यात बोटं घातली, आणि नर कडकडून चावला. मी धावले. त्या मात्र पदराला बोट पुसत कौतुकानं हसत होत्या.

"बाप असावा तर असा," खुर्चीत पेंगणाऱ्या सासऱ्यांकडे बघत त्या म्हणाल्या. "आमचे हे माझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर घोरत होते."

सासरे डोळे न उघडता म्हणाले, "चावायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."